मोठ्या पडद्यावरचा नातू

माणसाला तत्त्वज्ञान सुचण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कुणाला ते झाडाखाली सुचतं, कुणाला न्हाणीघरात, तर कुणाला स्मशानातल्या बाकावर, पुढची व्यवस्था होईपर्यंत. मला ते यंदाच्या मे महिन्यात टीव्हीच्या मागे सुचलं. मागे म्हणजे अक्षरशः मागे. भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये जी वीतभर जागा असते आणि जिथे गेल्या दिवाळीपासूनची धूळ, एक पेनचं टोपण आणि एक पाल गुण्यागोविंदाने नांदत असतात, तिथे उजवा हात खांद्यापर्यंत आणि मान जमेल तेवढी घालून मी केबलचं भोक चाचपडत होतो. भोक सापडत नव्हतं. प्रश्न मात्र सापडला. तो असा, की लहान जागी सुखाने नांदणारी एखादी गोष्ट उचलून मोठ्या जागी नेऊन ठेवण्याचा आपल्याला अधिकार काय? (पालीचं मत विचारण्यात अर्थ नव्हता. ती आधीच निघून गेली होती.)

आता हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

आमचे चिरंजीव पुण्याला असतात. त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचा नातू, आठवीची परीक्षा आटोपून सुट्टीला आमच्याकडे डोंबिवलीला आला. पाठीवर एक सॅक, कानांत दोन बोंडं आणि हातात एक यंत्र. आकाराने लहानशा पोळपाटाएवढं, दोन्ही बाजूंना धरायला मुठी, मुठींवर बटणं आणि मध्ये आठ इंची पडदा.

"काय रे हे? व्हिडिओ गेम का?" मी विचारलं.

"नाही आजोबा, पीसी आहे. अख्खा."

अख्खा! आमच्या बँकेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी वातानुकूलित खोली बांधली होती आणि आत जाताना आम्ही चपला बाहेर काढत होतो. मॅनेजरच्या केबिनमध्ये पंखा कुरकुरत असायचा आणि कॉम्प्युटर मात्र गारव्यात. त्या कॉम्प्युटरचा पणतू आता माझ्या नातवाच्या हातात होता आणि त्याच्यावर शेवेचे कण सांडले होते. नातवाने मला माहिती पुरवली, की २०२२ साली 'स्टीम डेक' नावाचं असलं यंत्र बाजारात आलं आणि तेव्हापासून इतर कंपन्यांनीही ही जात वाढवली. आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये जे जे असतं, ते ते सगळं ह्याच्यात असतं, फक्त टेबल नसतं.

आल्या दिवसापासून हा मुलगा गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसायचा आणि त्या आठ इंचांत बुडून जायचा. बोलावलं तर यायचा, विचारलं तर सांगायचा, वाढलेलं निमूट जेवायचा. तक्रार करायला जागा नव्हती आणि त्याचाच मला त्रास होत होता. एकदा मी चष्मा सावरून त्याच्या खांद्यावरून डोकावलो. एका डोंगराळ मुलखातून एक माणूस घोड्यावरून चालला होता. एवढंच दिसलं. नातवाने पडदा किंचित आपल्याकडे वळवून घेतला.

"अरे, एवढ्याशा पडद्यावर काय डोळे फोडतोस? टीव्हीला जोड की. त्रेचाळीस इंची आहे."

"नको आजोबा. इथंच बरं आहे."

वाचकहो, 'इथंच बरं आहे' हे वाक्य मराठी मध्यमवर्गीय घरात कुणी कधी शब्दशः घेतल्याचं ऐकिवात आहे काय? पाहुणा 'इथंच बरं आहे' म्हणाला की आपण त्याला दंड धरून सोफ्यावर बसवतो. 'नको' म्हणजे 'अर्धी', 'पुरे' म्हणजे 'आणखी एक' आणि 'इथंच बरं आहे' म्हणजे 'संकोच वाटतोय, जरा आग्रह करा', हा आपला शब्दकोश. आणि संकोच हा लहान वयात उपचार केल्यास बरा होणारा रोग आहे, असं माझं पूर्वीपासूनचं मत. मी उपचाराला लागलो.

स्टेशनजवळच्या दुकानातून मी एक छोटा डॉक आणला. डॉक म्हणजे काडेपेटीएवढी डबी. एका अंगाला यंत्र, दुसऱ्या अंगाला टीव्ही. पत्रिका जुळवणारे मध्यस्थ असतात तशी. आणि ही उपमा मी उगाच देत नाही. टीव्ही आणि कॉम्प्युटर जोडले की पहिल्याप्रथम खरोखरीच स्थळं दाखवण्याचा कार्यक्रम होतो. टीव्ही आपला बायोडेटा केबलमधून पलीकडे पाठवतो. माझं नाव अमुक, बांधा असा, अंगावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, सेकंदाला ६० चित्रं पेलतो. ह्या बायोडेटाचा नमुनाही १९९४ साली ठरवून दिलेला आहे, त्यामुळे 'स्वभाव मनमिळाऊ' वगैरे थापांना जागा नाही. कॉम्प्युटर तो वाचतो आणि त्याप्रमाणे चित्राचं माप ठरवतो. त्या मापालाच रिझोल्यूशन म्हणायचं.

पण स्थळांत खोट नसली तरी मध्यस्थात असू शकते. आमच्या मध्यस्थाला मोठं माप सेकंदाला तीसच वेळा नेता येत होतं. स्वस्तातल्या डब्यांचं हे असंच असतं म्हणे. घोडा चालायचा तो लंगडल्यासारखा. मी परत दुकानात. "साठचा द्या." दुकानदाराने तोंडातलं पान न काढता साठचा दिला आणि माझ्याकडून तीनशे जास्त घेतले.

आता कुणाला वाटेल, झालं, घोडा धावला. छे! संसार मांडल्यावर खरी मापं कळतात.

पहिल्यांदा आम्ही 'दोन्ही पडद्यांवर एकच चित्र' असा प्रकार निवडला. नातवाच्या यंत्राचा पडदा १९२० बाय १२००, म्हणजे जरासा उंचेला. टीव्ही १६ला ९, म्हणजे आडव्या हाडाचा. दोघांना एकच चित्र दाखवायचं तर दोघांना मानवेल असं माप घ्यावं लागतं. ते निघालं १९२० बाय १०८०. त्यात लहान पडद्याच्या वरखाली काळ्या पट्ट्या आल्या आणि मोठ्या पडद्याचं तेज वाया गेलं. घरात आणि चारचौघांत तंतोतंत एकसारखं वागायचा पण केलेली काही माणसं असतात, त्यांचं हेच होतं. घरच्यांना ती अपुरी वाटतात आणि बाहेरच्यांना अंधुक.

मग 'फक्त दुसरा पडदा' निवडला. त्याबरोबर मी भलतंच काहीतरी दाबलं आणि अक्षरं १०० टक्के मापाची, म्हणजे चार हजार ठिपक्यांच्या मैदानात मुंग्यांएवढी झाली. ती नातवाने ३०० टक्क्यांवर नेली. मग लक्षात आलं, की चित्राच्या चारही कडा कापल्या जाताहेत. ह्याचं मूळ जुन्या पोटवाल्या टीव्हीत आहे. त्या काचेच्या नळ्यांत प्रत्येक टीव्हीची कड थोडी निराळी पडायची, म्हणून चित्र मुद्दामच चौकटीपेक्षा मोठं टाकायचे आणि कडेचा भाग लाकडाआड दडवायचे. नळ्या गेल्या, लाकूड गेलं, पण ती कापाकापी अजून काही सपाट टीव्हींच्या सवयीत शिल्लक आहे. सोवळं गेलं तरी ओवळ्याची भीती उरते तशी. रिमोटवर त्याचा उपाय असतो. कुणी त्याला 'स्क्रीन फिट' म्हणतं, कुणी आणखी काही. आम्ही तो शोधला. कडा परत आल्या.

मग गेम चालू केला. तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या! मी मोजपट्टीने मोजल्या, प्रत्येकी पावणेपाच सेंटिमीटर. नातू म्हणाला, "गेमला अजून जुनंच माप आठवतंय." बाहेर पडदा बदलला, पण गेमच्या मनात आपण अजून आठ इंचीच. त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला समजावावं लागतं.

"अहो, पट्ट्याच ठेवायच्या होत्या तर एवढा मोठा टीव्ही कशाला घेतला?" आतून सौ.

मी रिमोटने चित्र ताणलं. पट्ट्या गेल्या. घोडा मात्र अकरा टक्क्यांनी आडवा फुगला आणि म्हशीसारखा दिसू लागला. माझ्या एका साहेबांची मला आठवण झाली. ते कारकून होते तेव्हा सडपातळ, हसतमुख आणि प्रमाणबद्ध होते. पुढे त्यांना मोठी खुर्ची मिळाली आणि त्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना जरा रिकामी जागा उरली. ती काळी पट्टी त्यांना सहन होईना. ते ताणले गेले.

"आजोबा, गेमलाच टीव्हीचं पूर्ण माप देऊन बघू या का?" नातू म्हणाला. आता त्यालाही जरा रंग चढला होता, हे मी नमूद करतो. दिलं. यंत्राच्या पंख्याने कुकरसारखा आवाज काढला आणि घोडा एका जागी थबकला, मग एकदम चार हात पुढे, पुन्हा थबकला. नातवाने हिशेब सांगितला. लहान पडद्यावर तेवीस लाख ठिपके, मोठ्यावर ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे. जीव तेवढाच आणि ओझं साडेतीन पटींहून जास्त. शेवटी तोडगा निघाला १९२० बाय १०८०चा. टीव्हीच्या बरोबर निम्मं माप, आडवंही आणि उभंही. एका ठिपक्याच्या जागी चार ठिपके, हिशेब चोख. आणि आठ फुटांवरच्या सोफ्यावरून माझ्यासारख्याला काय, धडधाकट डोळ्याच्या माणसालाही त्यातला फरक जवळजवळ कळत नाही. निरोगी डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग तेवढा निराळा दिसतो. त्याहून बारीक ठिपके काढणं म्हणजे बहिऱ्या जावयाला रागदारी ऐकवणं.

पण ह्या तोडग्यावर पोचायच्या आधी एक प्रसंग घडला. तो आधी सांगितला पाहिजे, कारण ह्या लेखाचं सगळं तत्त्वज्ञान त्यातच आहे.

मापं बदलताना मी टीव्हीला न पेलणारं काहीतरी निवडलं आणि टीव्ही काळा ठिक्कर पडला. संपूर्ण अंधार. पंचेचाळीस हजारांचा टीव्ही आपण मारला, ह्या विचाराने माझ्या हातापायांतलं पाणी पळालं. मी रिमोट उचलला.

"आजोबा, थांबा. काही दाबू नका. पंधरा सेकंद."

आम्ही दोघं अंधाराकडे पाहत बसलो. आणि आपोआप, कुणी काही न करता, चित्र परत आलं. जुन्या मापात.

विंडोजमध्ये म्हणे अशी सोयच आहे. पडद्याचं माप बदललं की ते विचारतं, 'हे असंच ठेवू का?' आणि पंधरा सेकंद वाट पाहतं. 'हो' म्हटलं तर ठेवतं. कुणी काही बोललंच नाही, तर होतं तसं करून टाकतं.

"पण काही बोललं नाही तर उलट ठेवायला हवं ना?" मी म्हणालो. "न बोलणं म्हणजे होकारच."

"नाही ना आजोबा! पडदाच काळा झाला असेल तर माणूस 'नाही' म्हणणार कुठे? त्याला बटण दिसतच नाही."

त्या वेळी मी "हुशार आहेस" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विषय संपवला. पंधरा सेकंदांत कळण्यासारखी गोष्ट कळायला मला पुढचे तीन तास लागले.

कारण संध्याकाळी मी प्रयोग ठेवला होता. शेजारच्या नानांना आणि वहिनींना बोलावलं होतं. सौ.ने साबुदाणे वडे केले होते. "आमच्या नातवाचं कसब बघा जरा," मी म्हणालो. नातू माझ्याकडे बघून क्षणभर थांबला. काही बोलला नाही. मी त्याचा नेहमीचा अर्थ घेतला.

खेळ सुरू झाला. डोंगर खरोखर सुंदर दिसत होते. नाना म्हणाले, "वा! अगदी महाबळेश्वर." घोडा निघाला, कड्याच्या टोकाशी आला आणि उडी चुकून दरीत पडला.

"पडला वाटतं," नाना म्हणाले.

पुन्हा निघाला. पुन्हा पडला. बटण दाबलं की घोडा जरा उशिराच उडत होता. टीव्ही प्रत्येक चित्र दाखवण्यापूर्वी त्याला पावडर-टिकली करत बसतो, त्यात थोडा वेळ जातो. ते थांबवायला 'गेम मोड' लावायचा असतो. तो लावायचा राहिला होता. अर्थात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी मी सोफ्यावरून म्हणालो, "अरे, आधी उडी मार! जरा आधी!"

तिसऱ्यांदा पडला. वहिनी चांगल्या मनाने म्हणाल्या, "असू दे हो, लहान आहे." सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं.

मी सोफ्यावर त्याच्या मागे बसलो होतो, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला नाही. मान दिसली. कानांच्या पाळ्यांपासून ते मानेपर्यंत लाल झाली होती. आणि ती मान मी ओळखली. ती ह्या मुलाची नव्हती.

ती १९८९च्या गणेशोत्सवातली होती. आमचे चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि गॅलरीत बसून, दप्तर आवरताना, अंघोळीला जाताना गायचे. गोड गायचे. मी कार्यकारिणीत होतो. मी त्याचं नाव घातलं. तो म्हणाला होता, "नको बाबा, मी इथंच म्हणतो." मी दंड धरून नेला. इस्त्रीचा सदरा, माईक त्याच्या उंचीला आणलेला, समोर सगळी कॉलनी. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याचे शब्द त्याला आठवेनात. मी पहिल्याच रांगेत होतो, मला शब्द पाठ होते. मी ते मोठ्याने सांगितले. लोक हसले. हसण्यात तेव्हाही वाईट काही नव्हतं. तो वळून विंगेत गेला तेव्हा मला त्याची पाठमोरी मान दिसली होती.

त्यानंतर आमच्या घरात गाणं ऐकू आलं नाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मुलं मोठी होतात, आवाज फुटतो, अभ्यास वाढतो, अशी कारणं मी माझी मला पुरवली. ती पुरली.

रात्री नाना गेल्यावर मी नानांशीच मनातल्या मनात वाद घातला. (प्रत्यक्षात घातला असता तर ते उरलेले वडे संपेपर्यंत उठले नसते.) मनातले नाना म्हणाले, अहो, असं म्हणत बसलात तर कुणीच पुढे येणार नाही. ढकलल्याशिवाय माणूस स्टेजवर जात नाही. आणि मोठं करणं वाईट असेल तर सिनेमा पाहूच नका! पस्तीस मिलिमीटर फिल्मवरची चौकट बोटाच्या पेराएवढी असते. ती थिएटरच्या भिंतीएवढी होते म्हणून तर सिनेमा. १९१३ साली गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' लोकांना काय दीड इंचाचा दाखवला?

मुद्दा बिनतोड होता. मी बराच वेळ पंख्याकडे बघत पडलो. मग उत्तर सुचलं. फाळक्यांनी ती चौकट भिंतीवर जाण्यासाठीच घेतली होती. जी गोष्ट मोठी होण्यासाठी निघाली आहे, तिला मोठं करा, बोटाच्या पेराचा डोंगर करा, हरकत नाही. पण जी गोष्ट लहानच असण्यासाठी आहे, गॅलरीतल्या खुर्चीएवढी, अंघोळीच्या बादलीएवढी, तिला मोठ्या पडद्यावर नेलं तर तिचं सौंदर्य मोठं होत नाही, फक्त चुका मोठ्या होतात. आणि कुठली गोष्ट कुठल्या जातीची, हे बाहेरून दिसत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच लहान दिसतात. ते विचारावंच लागतं.

बरं, विचारलं आणि उत्तर आलं नाही तर? इथेच आमची पिढी फसली. न बोलणं म्हणजे संमती, ह्या एका आधारावर आम्ही मुलांची नावं शाळांत घातली, स्पर्धांत घातली, मुलींची तर लग्नंच्या लग्नं ठरवली. आणि त्या यंत्राला मात्र कुणीतरी शिकवून ठेवलंय, की उत्तर आलं नाही तर समजा, समोर अंधार झालाय. गप्प मागे फिरा. हे ज्या कुणाला सुचलं तो इंजिनियर असेल, पण मला तो एखाद्या चांगल्या घरातला मोठा भाऊ वाटतो.

ढकलायचंच नाही, असं मी म्हणत नाही. मलाही वडिलांनी पोहायला विहिरीत ढकललं होतं आणि मी पोहायला शिकलो. पण त्यांनी ढकलल्यावर लगेच स्वतः उडी मारली होती, हे मला त्या रात्री प्रथमच आठवलं. पहिल्या रांगेत बसून शब्द सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीव्हीच्या मागे पुन्हा हात घातला आणि केबल काढली. नातू गॅलरीत आपल्या जागी होता. मी स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन दारात उभा राहिलो.

"इथं बसून बघू का?"

आणि वाट पाहिली. मनात मोजत होतो. आयुष्यात इतका वेळ गप्प राहायची सवय नसल्यामुळे सातालाच घाम फुटला. अकराच्या सुमाराला त्याने पाय खाली घेतले आणि खुर्ची जराशी सरकवली.

मी बसलो. पडद्यापासून दीड फुटावर. घोडा निघाला, कड्याशी आला, अलगद पलीकडे गेला. मी काही बोललो नाही.

"आजोबा, एक गंमत सांगू?" थोड्या वेळाने तोच म्हणाला. "आठ फुटांवरून त्रेचाळीस इंची टीव्ही जेवढा दिसतो ना, दीड फुटावरून हा आठ इंचीही डोळ्याला तेवढाच दिसतो. करून बघा गणित."

मी पंचांगाच्या कोऱ्या जागेत करून बघितलं. त्रेचाळीस भागिले आठ, पाच पूर्णांक चार. आठ फूट भागिले पाच पूर्णांक चार, दीड फूट. बरोबर होतं. म्हणजे दोन डॉक, एक केबल, तीनशे जास्तीचे रुपये, एका पालीचं स्थलांतर आणि डझनभर वडे खर्च करून मी जे साधायला निघालो होतो, ते स्टूल साडेसहा फूट पुढे आणलं असतं तरी झालं असतं. मोठं करायची काही गरज नव्हती. जवळ जायची होती. बँकेत सदतीस वर्षं हिशेब केले आणि हा सोपा भागाकार राहून गेला.

घोडा आता संथ चालला होता आणि नातू काहीतरी गुणगुणत होता. सूर चांगला लागला होता.

"कुठलं रे गाणं?" मी जपून विचारलं.

"माहीत नाही. बाबांचं आहे. ते म्हणतात ना गाडीत."

"बाबा गातो?"

"रोज. मला शाळेत सोडताना. खिडक्या बंद करून." तो पडद्यावरून मान न उचलता म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही?"

आम्ही गाडीत असलो की तो रेडिओ लावतो.

रविवारी चिरंजीव मुलाला न्यायला गाडी घेऊन येणार आहेत. सौ. विचारत होती, पुण्याला चार दिवस जाऊन येऊ या का ह्यांच्याबरोबर. मी म्हटलं, बघू. निघताना मी मागच्या सीटच्या दाराशी उभा राहून विचारणार आहे, "येऊ का?" आणि मग मनात पंधरापर्यंत मोजणार आहे. हळूहळू.

सौ.ला सांगून ठेवलंय, की त्या वेळात तिनेही मध्येच "अहो, तो कसा नाही म्हणेल, बसा तुम्ही" असं म्हणायचं नाही. ती काही बोलली नाही.

पण आता मला त्याचाही अर्थ लावता येईना.